रेषेंतला वीर आणि मूर्तींतला वीर

चित्रांतल्या वीराची मूर्ति घडवावयाची तर तिचा चेहरा कोणाचा असावा? चित्रकाराच्या रेषेंतून उतरलेला, कीं एखाद्या हाडामांसाच्या माणसाचा? सुपरहीरोंच्या 'ॲक्शन फिगर' जमविणारी अमेरिकेंतील प्रौढ मंडळी या प्रश्नावर हिरिरीनें वाद घालतात. वाद खेळण्यांचा म्हणून वाचकांनीं तो हंसण्यावारीं नेऊं नये. त्याच्या मुळाशीं रुचीइतकाच न्यायाचाहि प्रश्न आहे असें आम्हांस वाटतें.

'ॲक्शन फिगर' हें नांवच मुळीं एक व्यापारी युक्ति. १९६४ सालीं हॅस्ब्रो कंपनीनें 'जी. आय. जो' हा बारा इंची शिपाई बाजारांत आणला, तेव्हां मुलगे बाहुलीशीं खेळावयाचे नाहींत या धास्तीनें हा नवा शब्द काढण्यांत आला. पुढें १९७२ पासून मेगो कंपनीनें सुपरमॅन, बॅटमॅन वगैरे वीर आठ इंचांत आणले. धड बहुतेकांचें एकच. फरक काय तो डोक्याचा आणि कापडी पोषाखाचा. भातुकलींतली ठकी नटवावी तसाच हा प्रकार.

शैलीचा खरा विचार १९८४ सालीं निघालेल्या केनर कंपनीच्या 'सुपर पॉवर्स' मालेंत दिसतो. येथें वेष शरीरासकटच प्लास्टिकमध्यें ओतला होता, पाठीवरचा शेला तेवढा कापडी. आणि होसे लुइस गार्सिया-लोपेझ या चित्रकाराचीं रेखीव, प्रमाणबद्ध चित्रें मूर्तिकारांपुढें नमुना म्हणून होतीं. परंतु या मालेंतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आमच्या मतें निराळीच आहे. जॅक कर्बी या चित्रकारानें मार्व्हल या चित्रकथा-प्रकाशक कंपनीच्या कित्येक वीरांना रूप दिलें होतें. मालकी मात्र कंपनीची. तिची प्रतिस्पर्धी डीसी कंपनी हिनें कर्बींकडून त्यांच्याच 'न्यू गॉड्स' कथांतील डार्कसाइडादि पात्रें या खेळण्यांसाठीं नव्यानें काढवून घेतलीं, तीं अशासाठीं कीं, विक्रींतला कांहीं वांटा त्यांना देतां यावा.

कर्बींची रेषा विलक्षण. जणूं दगडांतून फोडून काढलेले चेहरे, चौकोनी टोकांचीं बोटें, अंगावर भूमितींतल्या आकृतींसारख्या सांवल्या. अशा डार्कसाइडाला शरीरशास्त्राचा जाब विचारणें म्हणजे पिंगुळीच्या चित्रकथींतल्या रावणाच्या दंडाचें माप घेणें होय!

शैलीच्या मार्गांत अडचणी नाहींत असें नाहीं. चित्र एका बाजूनें पाहावयाचें असतें, मूर्ति फिरवून. १९९२ सालीं सुरू झालेल्या दूरचित्रवाणीवरील चित्रमालेसाठीं ब्रूस टिम यांनीं काढलेला बॅटमॅन पाहा: पेटीसारखा जबडा, अवाढव्य खांदे, आणि खालीं निमुळते होत गेलेले पाय. कागदावर तो डौलानें उभा राहतो. प्लास्टिकमध्यें तोच भार त्या घोट्यांवर तोलतांना मूर्तिकाराच्या नाकीं नऊ येतात. त्यांत पुन्हां सांधे. २००२ पासून टॉय बिझ कंपनीच्या 'मार्व्हल लेजेंड्स' मालेनें सांध्यांची रेलचेल केली. हातपाय हवे तसे वळूं लागले, पण प्रत्येक सांधा एक रेषा कापतो.

उलट बाजूस हाँगकाँगची हॉट टॉइज कंपनी. तिच्या षष्ठांश मापाच्या मूर्तींत त्वचेवरचीं छिद्रेंसुद्धां दिसतात. कसब निःसंशय थोर! तथापि तो चेहरा बॅटमॅनचा नव्हे, नटाचा; नट बदलला कीं वीरहि बदलला. आणि नटाच्या चेहऱ्यासाठीं त्याची परवानगी घ्यावी लागते. रेषा एकदां कंपनीची झाली कीं चित्रकाराला सहसा कोणी विचारीत नाहीं.

अर्थात् सीमा वाटते तितकी स्वच्छ नाहीं. ॲलेक्स रॉस यांनीं १९९६ च्या 'किंगडम कम' या चित्रकथेंत जिवंत माणसें समोर ठेवून सुपरमॅन रंगविला, तो केंस पिकूं लागलेला, अंगानें भरलेला. त्यावरून केलेल्या मूर्ति वास्तव म्हणाव्यात, कीं रॉस यांच्या शैलींतल्या? आम्ही दुसरें म्हणूं.

कर्बी १९९४ सालीं वारले. त्यांचे वारस आणि मार्व्हल यांच्यांतील तंटा २०१४ सालीं आपसांत मिटला. डार्कसाइडाच्या मूर्ति अद्यापि निघतात. त्यांतल्या कांहींचीं बोटें अजूनहि चौकोनी टोकांचीं असतात.