प्रश्न कामगारालाच विचारायचा

कामगारांच्या कामाची परिस्थिती जाणून घ्यायची तर कामगारांनाच विचारावे, ही गोष्ट आज साधी वाटते. ती रूढ व्हायला मात्र शंभरएक वर्षे लागली. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक चौकशांमध्ये बोलत ते इतरच. फ्रान्समध्ये व्हिलेर्मे या डॉक्टराने कापडगिरण्यांची गावे पालथी घालून 1840 मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. घरे, मजुरी, आजार यांची त्याने बारकाईने नोंद केली, पण ती बाहेरून पाहणाऱ्याची नोंद होती. इंग्लंडमध्ये 1832 च्या संसदेच्या सॅडलर समितीपुढे गिरणी कामगारांनी स्वतः साक्षी दिल्या. पुढच्याच वर्षी नेमलेल्या आयोगाने त्या एकतर्फी ठरवल्या.

1880 मध्ये कार्ल मार्क्सने एका फ्रेंच समाजवादी नियतकालिकासाठी सुमारे शंभर प्रश्नांची यादी तयार केली. कामाचे तास, अपघात, दंड, मुलांचे काम, मजुरी देण्याची पद्धत असे सारे तिच्यात होते. तिच्या 25,000 प्रती वाटल्या गेल्या, उत्तरे मात्र फारच थोडी आली. दिवसभर राबून आलेल्या माणसाने शंभर प्रश्न सोडवत बसावे, ही अपेक्षाच अवास्तव होती. जर्मनीत आडोल्फ लेवेनस्टाईन याला अधिक यश मिळाले. तो स्वतः कामगार होता, हे त्याचे एक कारण असावे. 1907 ते 1911 या काळात त्याने खाणकामगार, विणकर आणि धातुकामगारांना 8,000 प्रश्नपत्रिका पाठवल्या; 5,040 भरून परत आल्या. काम करताना मनात काय येते, असाही प्रश्न त्यात होता. मजुरीच्या आकड्यांपलीकडे जाऊन मनाचा ठाव घेणारी ही पहिली मोठी पाहणी म्हणता येईल.

मुंबईची वाट थोडी वेगळी होती. 1875 च्या कारखाना आयोगाच्या सदस्यांत नामांकित गिरणीमालक होते. दुसरा आयोग 1884 मध्ये नेमला गेला, तेव्हा ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि 5,500 कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. आठवड्याची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघाताची भरपाई या त्यातील मागण्या. ही पाहणी नव्हे, पण कोणी विचारण्याची वाट न पाहता कामगारांनीच दिलेले उत्तर होते. पद्धतशीर आकडेवारी सरकारने 1921 मध्ये मुंबईत कामगार कार्यालय काढल्यावर जमू लागली. 1929 मध्ये नेमलेल्या शाही कामगार आयोगावर मात्र कामगार नेते ना. म. जोशीही सदस्य होते.

एकच प्रश्नपत्रिका घेऊन अनेक देशांत जाण्याचे काम युरोपने केले. डब्लिनमधील युरोफाउंड या संस्थेने 1990-91 मध्ये युरोपीय समुदायाच्या 12 देशांत पहिली पाहणी केली. मुलाखती कारखान्यात नव्हे, कामगाराच्या घरी होत. साहेबाच्या नजरेपुढे खरे उत्तर मिळत नाही. कामाचा वेग यंत्र ठरवते का, शरीर अवघडून काम करावे लागते का, आवाज इतका असतो का की ओरडून बोलावे लागते, असे रोजच्या अनुभवाचे प्रश्न दर काही वर्षांनी पुन्हा विचारले गेले. 2021 मध्ये कोरोनामुळे हीच पाहणी फोनवरून झाली. तेव्हा 36 देशांतील 70,000 हून अधिक कामगार तिच्यात होते.

देशादेशांच्या तुलनेत एक पेच उरतोच. हक्कांची जाणीव असलेला कामगार जास्त तक्रारी सांगतो, सवयीने सोसणारा कमी. म्हणून समाधानाच्या आकड्यांपेक्षा तास, रात्रपाळी, ओझे यांचे आकडे अधिक भरवशाचे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युरोफाउंड यांनी 2019 च्या संयुक्त अहवालात युरोपसह अमेरिका खंड, चीन, दक्षिण कोरिया, तुर्कस्तान असे 41 देश शेजारी ठेवून पाहिले. भारतात 2017 पासून चालणारी नियतकालिक श्रमबल पाहणी लेखी करार, पगारी रजा आणि सामाजिक सुरक्षा यांची विचारणा करते. यंत्राचा वेग आणि कानठळ्या बसवणारा आवाज यांची नाही.