काच-सिरॅमिक आणि प्रकाशीय तापमापन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
उच्च विद्युतदाबाच्या रोहित्रात धातूच्या तारा असलेला तापमापक वापरणे अडचणीचे असते. अशा ठिकाणी प्रकाशाच्या साहाय्याने तापमान मोजता येते. त्यासाठी अभ्यासला जाणारा एक पदार्थ म्हणजे दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये मिसळलेले प्रदीप्तिशील काच-सिरॅमिक. तापमापनाचा हेतू नसलेल्या संशोधनातून हे साधन कसे घडले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विकासाचे टप्पे :
स्वीडनमधील इटरबी येथे १७८७ मध्ये सापडलेल्या काळ्या खनिजाचे गॅडोलिन यांनी १७९४ मध्ये पृथक्करण केले. १८४३ मध्ये मोसांडर यांनी एर्बियमचा शोध लावला. या दोघांपुढे प्रश्न होता तो केवळ खनिजाच्या घटकांचा.

दुसरा प्रवाह काचेचा. १९५० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीत स्टूकी यांची भट्टी ६०० ऐवजी ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली. आतील काच वितळली नाही. ती सूक्ष्म स्फटिकांनी भरून कणखर झाली. हेच काच-सिरॅमिक होय.

तिसरा प्रवाह प्रकाशाचा. यटर्बियमने शोषलेली अवरक्त ऊर्जा एर्बियमकडे जाऊन तिचे दृश्य प्रकाशात रूपांतर होते, हे फ्रान्समध्ये ओझेल यांनी १९६६ मध्ये मांडले. १९९० मध्ये बेर्थू व यॉर्गेनसन यांनी याच प्रदीप्तीवर आधारलेला प्रकाशतंतू-तापमापक सादर केला.

मात्र एक पेच होता. फ्लोराइड काचेत प्रदीप्ती चांगली मिळते, पण ती काच नाजूक असते. ऑक्साइड काच टिकाऊ असते, पण तिच्या रेणूंची कंपने प्रदीप्ती क्षीण करतात. १९९३ मध्ये वांग व ओहवाकी यांनी ऑक्साइड काचेच्या आत फ्लोराइडचे अतिसूक्ष्म स्फटिक वाढवून दोन्ही गुण एकत्र आणले. स्फटिक अतिसूक्ष्म असल्याने पारदर्शकताही टिकली.

कार्यतत्त्व :
एर्बियम सुमारे ५२५ व ५४५ नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश देते. तापमान वाढले की वरच्या ऊर्जापातळीतील आयनांचे प्रमाण वाढते व पहिल्या पट्ट्याची तीव्रता दुसऱ्याच्या तुलनेत वाढते. मोजायचे ते हे गुणोत्तर; त्यामुळे प्रकाशस्रोत थोडा मंदावला तरी मापन फारसे बिघडत नाही.

समारोप :
गॅडोलिन यांच्या कामाचे मूल्यमापन तत्कालीन उपयुक्ततेवर झाले असते, तर ते निरर्थक ठरले असते. महाविद्यालयीन संशोधनाचे प्रस्ताव तपासताना 'याचा उपयोग काय?' हा प्रश्न अवश्य विचारावा. परंतु त्याचे उत्तर लगेच मिळाले नाही, एवढ्यावरून प्रस्ताव नाकारणे इतिहासाला धरून होणार नाही.