छाप आणि छापा

वैजापूरच्या पेठेत एका औषधाच्या दुकानात निरीक्षकाने गोळ्यांच्या पाकिटांचे चार वाटे केले, प्रत्येक वाटा कागदात गुंडाळून दोऱ्याने आवळला, गाठीवर तापल्या लाखेचा थेंब सोडून मोहोर दाबली आणि मग दुकानदारास म्हटले, "शेठ, आपलाही शिक्का उठवायचा असेल तर उठवा." बाहेर जमलेल्यांत कोणी पुटपुटले, "छापा पडला." खोट्या लेबलाच्या औषधास सरकारी दप्तरात ‘मिथ्याछाप’ म्हणतात हे मला ठाऊक होते, परंतु ज्या शब्दाने अपराध ओळखावा त्याच शब्दाने त्याचे पारिपत्य व्हावे, हा योग त्या क्षणी प्रथमच ध्यानी आला.

कायद्याची हकीकत थोडकीच. कर्नल चोप्रा यांच्या समितीने १९३०-३१ साली औषधांच्या बाजाराची चौकशी केली आणि १९४० साली कायदा झाला. पण तो तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता, म्हणजे शेजारच्या कोपरगावास लागू, आणि निजामाच्या अंमलाखालील वैजापूरास परका.

खरा वाद आहे तो शब्दाचा. एक पक्ष म्हणतो, हल्ल्याच्या अर्थाचा ‘छापा’ हा ‘लपूनछपून’मधल्या छपण्यातून निघाला, कारण तो दबा धरून घालावयाचा असतो. मला हे पटत नाही. दबा धरणे ही पूर्वतयारी. छापा म्हणजे तो क्षण, जेव्हा वरून एकदम दाब येतो, जसा लाखेवर मोहोरेचा. फारसीतील मुद्रणवाचक ‘चाप’ हा शब्द कोणी १२९४ साली तब्रीझला निघालेल्या ‘चाव’ या कागदी चलनाशी जोडतात, कोणी आपल्याच ‘छाप’कडून तिकडे गेला असे मानतात, दाबाची क्रिया मूळ धरली की मला दुसरा पक्ष बळकट वाटतो. इंग्रज व्यापाऱ्यांनी तर आपली ‘छाप’ ‘चॉप’ करून नेली आणि ‘फर्स्ट चॉप’ म्हणजे अव्वल दर्जाचा माल असा अर्थ रूढ केला. शिक्का हाच तेथे जिन्नसाचा गुण ठरला!

म्हणूनच खोटी छाप घातक. कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून २०२३ साली घेतलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांत ते औषधच नव्हते, आणि लेबलावरची कंपनी अस्तित्वात नव्हती. १९८२च्या दुरुस्तीने कायदा अशा मालास मिथ्याछापाहून निराळे, ‘बनावट’ म्हणतो.

वैजापूरच्या त्या दुकानदाराने गल्ल्यातून पितळी शिक्का काढला, फुंकर घातली आणि सरकारी मोहोरेशेजारी, लाख निवण्यापूर्वी, चारही पुडक्यांवर दाबला. त्यांतले एक त्याच्याकडे राहिले.