पंगुगृह ते मातोश्री

पुण्याच्या नवी पेठेतील ‘निवारा’ वृद्धाश्रमाचे जुने नाव डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह. १८६०च्या दशकातील या नावात म्हातारपण वेगळे दिसत नाही. ते अनाथ आणि पंगू यांतच सामावलेले आहे. वृद्धांची काळजी पुढे सरकारी खर्चात कशी शिरली, याचा मागही योजनांच्या नावांतूनच लागतो.

राज्यघटनेच्या ४१व्या कलमाने वार्धक्यातील सरकारी साहाय्याचे तत्त्व मान्य केले, पण राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. महाराष्ट्रात १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. पुढे ६५ वर्षांवरील गरिबांसाठी श्रावणबाळ योजना आली. वार्षिक उत्पन्नाची अट २१ हजारांची आणि २०२३पासून मदत दरमहा १,५०० रुपये. १९९५मध्ये युती सरकारने स्वयंसेवी संस्थांमार्फत मातोश्री वृद्धाश्रम काढले. तेथे निम्म्या जागा मोफत होत्या, निम्म्या सशुल्क.

श्रावणबाळ योजना पात्रतेसाठी वय आणि उत्पन्न मोजते. माणूस स्वतः उठू शकतो का, घास तोंडापर्यंत नेऊ शकतो का, हे पात्रता ठरवताना कोणी विचारत नाही. २०२५पर्यंत अर्धांगवायूने खिळलेल्या आजीला आणि हिंडत्याफिरत्या आजोबांना श्रावणबाळचे तेच १,५०० रुपये होते. पुण्यात ब्युरोकडून आलेल्या बाईचे आठवड्याचे पैसेही त्यातून भागत नाहीत.

याच १९९५ साली जर्मनीने शुश्रूषेसाठी सक्तीचा सामाजिक विमा लागू केला. वर्गणी नोकर आणि मालक दोघांची, लाभ परावलंबनाच्या पायरीनुसार. जपानने २०००मध्ये चाळिशीपासून वर्गणी सुरू केली आणि निम्मा भार करांवर टाकला. शुश्रूषा हा तेथे हिशेबाचा स्वतंत्र रकाना झाला.

आपल्याकडे २००७चा ज्येष्ठ नागरिक कायदा आला. म्हाताऱ्या आईबापांना टाकून देणाऱ्यास त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. प्रत्येक जिल्ह्यात निर्धन वृद्धांसाठी किमान दीडशे जणांचे निवासगृह सरकार ‘स्थापन करू शकेल’, असेही त्यात म्हटले आहे. मुलांवर सक्ती आणि शासनाला मुभा, अशी ही वाटणी आहे. मुलेच साठीला टेकलेल्यांचे काय, याला तिच्यात उत्तर नाही.

श्रावणबाळाच्या नावाने खात्यात पैसे जमा होतात. कावड मात्र अजून घरातल्याच खांद्यावर आहे, आणि तो खांदा बहुधा सुनेचा किंवा लेकीचा असतो. तिच्या श्रमांची तरतूद या योजनांत नाही.