बटणांचे दागिने

बटणांचे दागिने म्हणजे कपड्याची बटणे मुख्य घटक म्हणून वापरून हाताने घडवलेले अलंकार. माळ, कर्णफुले, बांगडी, अंगठी, केसांतील चाप, पैंजण असे बहुतेक सर्व प्रकार बटणांपासून करता येतात. नवी बटणे, जुन्या कपड्यांवरून काढून ठेवलेली बटणे आणि कापड मढवून तयार केलेली बटणे यांसाठी वापरली जातात. महाराष्ट्रात या प्रकाराचे दोन जुने धागे आढळतात: पुरुषांच्या सदऱ्याची सोन्या-चांदीची बटणे आणि बंजारा स्त्रियांचा पेहराव.

नाव व पूर्वपीठिका

मराठीत बटणाला 'गुंडी' असा जुना शब्द आहे. कापडाची किंवा दोऱ्याची गाठ वळून केलेल्या गुंड्या बंडीला व अंगरख्याला लावत. 'काज' हा शब्द पोर्तुगीजमधून आला असून कोकणीतील 'बुतांव' हेही पोर्तुगीज मूळाचेच आहे. बटण हे मुळात बंद करण्याचे साधन नव्हते. मोहेंजोदडो येथे सापडलेले शिंपल्याचे भोकाचे बटण शोभेसाठी वापरले जात असावे, असे मानले जाते. म्हणजे बटणाचा दागिना करणे ही एका अर्थाने त्याच्या मूळ उपयोगाकडे परतणारी गोष्ट आहे.

महाराष्ट्रातील बाराबंदीला बटणेच नसत; ती बंदांनी बांधली जाई. सदरा आणि कोट रूढ झाल्यावर मात्र बटण हे प्रतिष्ठेचे चिन्ह झाले. बारीक साखळीने एकमेकांना जोडलेली सोन्याची किंवा चांदीची बटणे लग्नात जावयाला देण्याची पद्धत अनेक घरांत होती. अशा सदऱ्याच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी काजे असत आणि कपडा धुण्यापूर्वी बटणे काढून डबीत ठेवली जात. सदरा जुना झाला तरी बटणे टिकत व पुढच्या पिढीकडे जात. आता ती वापरणारे कमी असल्याने काही कुटुंबांत आजोबांची बटणे सोनाराकडून कर्णफुले किंवा पदक करून घेतली जातात. साखळी तोडून बटणे वेगळी केली की जोड परत पूर्ववत होत नाही. त्यामुळे संच अखंड ठेवून त्याचीच गळ्यातली साखळी करणे अधिक शहाणपणाचे ठरते.

बंजारा पेहराव

यवतमाळ, वाशिम, नांदेड आदी जिल्ह्यांत मोठ्या संख्येने राहणाऱ्या बंजारा समाजातील स्त्रियांच्या पारंपरिक फेटिया (घागरा) आणि कांचळी (चोळी) यांवर आरसे, कवड्या, नाणी, शिसे व पितळेचे तुकडे यांच्या जोडीने पांढरी बटणेही ओळीने टाकलेली असतात. पांढरे गोल बटण येथे कवडीच्या शेजारी बसते आणि पुष्कळदा तिची जागा घेते. भरतकाम आणि दागिना यांतील सीमारेषा या पेहरावात जवळजवळ पुसली जाते. कर्नाटकातील संडूर येथील लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.

या कामाला पर्यटकांकडून मागणी आली तशी एक अडचणही उभी राहिली. जुने फेटिये आणि कांचळ्या कापून त्यांच्या तुकड्यांचे हार, कंठे व पिशव्या विकल्या जातात. गोव्यातील हणजूणच्या बाजारात असा माल सहज दिसतो. विक्रीतून कुटुंबाला रोख रक्कम मिळते, पण वर्षानुवर्षे हाताने शिवलेला पूर्ण पोशाख त्यात नाहीसा होतो. त्याच नमुन्यावर नवीन बटणे व कवड्या वापरून केलेले दागिने हा यावरील व्यवहार्य पर्याय आहे.

बटणांचे प्रकार व मापे

शिंपला, शिंग, लाकूड, नारळाची करवंटी, धातू, काच, नायलॉन आणि पॉलिस्टर राळ ही बटणांची प्रमुख द्रव्ये आहेत. बिहारमधील मेहसी हे गाव नदीतील शिंपल्यांच्या बटणांसाठी प्रसिद्ध आहे. शिंपल्याचे बटण गालाला लावल्यास थंड लागते, प्लास्टिकचे तसे लागत नाही. जुन्या ढिगातून ते ओळखण्याची ही सोपी खूण.

व्यापारात बटणाचा व्यास 'लाईन'मध्ये मोजतात. ४० लाईन म्हणजे एक इंच, अर्थात एक लाईन ०.६३५ मिलिमीटर. शर्टाचे नेहमीचे बटण १८ लाईनचे, म्हणजे सुमारे ११.४ मिलिमीटरचे असते. हे माप माळेचा हिशेब करताना उपयोगी पडते: ४५ सेंटीमीटरच्या माळेत अशी बटणे कडेला कड लावून ३९ बसतात, खवल्यांप्रमाणे अर्धी एकमेकांवर चढवली तर सुमारे ८० लागतात, आणि अडीच मिलिमीटर जाडीची बटणे चवडीसारखी ओवली तर १८० पर्यंत जातात.

घडवण्याच्या पद्धती

दोन किंवा चार भोकांचे बटण सपाट बसवायचे असल्यास दोरा एका भोकातून वर काढून दुसऱ्यातून खाली नेतात. एकाच भोकातून ओवले तर बटण लोंबते व झुबक्यासारखे दिसते. मागे कडी असलेले बटण मण्यासारखे थेट ओवता येते. कडी पक्कडीने कापून सपाट केल्यास ते अंगठीच्या किंवा कर्णफुलाच्या तबकडीवर चिकटवता येते. लहान बटण मोठ्यावर ठेवून दोन्हींच्या भोकांतून एकच तार नेली की फूल तयार होते.

कापड मढवलेल्या बटणांचा वापर महाराष्ट्रात विशेष आढळतो. मॅचिंग सेंटरमध्ये हातयंत्रावर अशी बटणे करून मिळतात. खण, पैठणी किंवा इरकल यांच्या चोळीतून उरलेला चार-पाच सेंटीमीटरचा तुकडाही एका बटणाला पुरतो. खणाच्या नक्षीचा मधला भाग नेमका बटणाच्या मध्यावर आला तरच ते शोभते. यासाठी कापड कापण्यापूर्वी जागा खुणावी लागते.

बटणाचा दागिन्यातील आणखी एक उपयोग फासा म्हणून होतो. माळेच्या एका टोकाला बटण व दुसऱ्या टोकाला दोऱ्याचा फास असला की धातूच्या कडीची गरज उरत नाही. नागा मणीमाळांत नाणे किंवा बटण याच रीतीने लावलेले दिसते. मराठी पटवेकरी मात्र ठुशी व पोत गाठवताना गोंडा आणि सरकती दोरी वापरतात.

ग्रामीण ठाणे जिल्ह्यात

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील ठाकर स्त्रियांच्या गळ्यात रंगीत काचमण्यांच्या अनेक पदरी माळा पाहायला मिळतात. मण्यांच्या दोन पदरांना जागोजागी जोडण्यासाठी चार भोकांचे बटण सोयीचे पडते, कारण त्यातून पदर समांतर राहतात. कच्चा माल जवळच मिळतो. वाशिंद, आसनगाव ही गावे मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर असून त्याच मार्गावरील शहाड स्थानकाला लागून उल्हासनगर आहे. तेथील जीन्स व तयार कपड्यांच्या व्यवसायामुळे धातूची व प्लास्टिकची बटणे घाऊक मिळतात. बटणाची किंमत अल्प असल्याने विक्रीचा दर ठरवताना खरा प्रश्न मजुरीचा असतो. घरी बसून केलेल्या कामाचे तास मोजले जात नाहीत आणि दागिना 'साध्या बटणांचा' म्हणून स्वस्तात मागितला जातो.

दक्षता

जीन्सच्या धातूच्या बटणांत निकेल असू शकते. अनेकांना त्यामुळे बेंबीजवळ खाज व पुरळ येते. असे बटण कानाच्या भोकाला लागेल अशा प्रकारे वापरू नये. तीन वर्षांखालील मुलांच्या दागिन्यांत सुटी बटणे टाळावीत, कारण ती घशात अडकू शकतात. पितळी बटणे चिंचेने घासता येतात, परंतु शिंपल्याचे बटण चिंच, लिंबू किंवा व्हिनेगरने झिजते आणि त्याची झळाळी जाते. ते ओल्या मऊ फडक्याने पुसणे पुरेसे असते.