तुळशीची नावे व मंजिरीचा विसर

वनस्पतीचे नाव हा तिच्या लागवडीच्या इतिहासाचा एक पुरावा असतो. तुळशीच्या बाबतीत हा पुरावा विशेष विचारार्ह आहे.

चरक व सुश्रुत यांच्या संहितांत ही वनस्पती मुख्यतः ‘सुरसा’ या नावाने येते. सुश्रुतसंहितेत ‘सुरसादि’ नावाचा औषधींचा एक गणच सांगितला आहे. हे नाव वैद्याचे होय. त्याची दृष्टी पानातील रसाकडे आहे. पुढे पुराणांनी ‘तुलसी’ या नावास प्रतिष्ठा दिली व औषधीस देवतेचे स्थान प्राप्त झाले. मराठीत तर ‘वृंदावन’ हे मूळचे व्रजभूमीतील वनाचे नाव दारापुढील चौथऱ्यास लाभले.

लोकभाषांनी मात्र वेगळाच भेद जपला. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याच्या ‘हॉर्टुस मलबारिकुस’ या बारा खंडांच्या ग्रंथात (१६७८–१६९३) या कुळातील वनस्पतींची मल्याळम् नावे ‘नल्ल’ म्हणजे चांगली व ‘काट्टु’ म्हणजे रानटी या विशेषणांनी निराळी केलेली आढळतात. या ग्रंथाच्या सिद्धतेत रंगभट, विनायक पंडित व अप्पुभट या कोंकणी भाषिक वैद्यांचा सहभाग होता, हे येथे स्मरणीय आहे. आपल्याकडील ‘तुळस’ व ‘रानतुळस’ हा भेद याच जातीचा. सब्जाचे नाव तेवढे फारसीतून आलेले.

लिनीअसने दोन नावे दिली: १७६७ साली ‘ऑसिमम सँक्टम’, म्हणजे पवित्र, व त्याआधी १७५३ साली ‘ऑसिमम टेन्युइफ्लोरम’, म्हणजे नाजूक फुलांची. आज ही दोन्ही नावे एकाच वनस्पतीची मानली जातात व त्यांपैकी दुसरे ग्राह्य ठरले आहे.

आपण मात्र पहिल्याच अर्थाला धरून राहिलो. मंजिरी देवास वाहावी आणि खुडल्याने झाड पुन्हा पालवावे, ही रीत लागवडीच्या दृष्टीनेही योग्यच आहे. बी धरू लागलेली तुळस पालवी कमी करते. परंतु सर्वच मंजिरी खुडल्या, तर तिच्या जांभळट फुलांतील मधासाठी येणाऱ्या सातेरी व फुलोरी माश्यांना काहीच उरत नाही आणि पुढील वर्षाचे बीही मिळत नाही. म्हणून काही मंजिरी झाडावर राखाव्यात. ‘सुरसा’ व ‘तुलसी’ या दोन्ही नावांत न उमटलेला हा तिसरा संबंध निदान अंगणात तरी टिकून राहील.