मुरलेले अंडे आणि न मुरलेले सोयाबीन

इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले, तह आणि सनावळ्या आठवतात. पण स्वयंपाकघरातल्या बरणीलाही इतिहास असतो, आणि तो कधीकधी दप्तरखान्यापेक्षा बोलका निघतो. कोरियन मालिका पाहणाऱ्या माझ्या पुतणीने आमच्या चौसाळ्याच्या घरात एक नवा पदार्थ आणला आहे. नाव मोठे गमतीचे : 'मयाक ग्येरान'. ग्येरान म्हणजे अंडे आणि मयाक म्हणजे अमली पदार्थ. एकदा चव लागली की सुटत नाही, म्हणून हे नाव!

कृती सोपी आहे. उकळत्या पाण्यात सहा अंडी अलगद सोडावीत आणि साडेसहा-सात मिनिटांनी काढून गार पाण्यात टाकावीत. पांढरे घट्ट होते, बलक मात्र मधासारखा राहतो. अर्धी वाटी सोया सॉस, तितकेच पाणी, दोन-तीन चमचे साखर, ठेचलेला लसूण, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची आणि भाजलेले तीळ एकत्र करून त्यात सोललेली अंडी रात्रभर फ्रिजमध्ये मुरत ठेवावीत. सॉस फार खारट वाटला तर पाणी वाढवावे. दुसऱ्या दिवशी गरम भाताबरोबर खावीत व तीन-चार दिवसांत संपवावीत.

या अंड्याचा सारा जीव त्या काळ्या पाण्यात आहे. कोरियात त्याला 'गान्जांग' म्हणतात. तिथे सोयाबीन शिजवून, कुटून त्याच्या विटा करतात. भाताच्या पेंढ्याने बांधून त्या थंडीत टांगून ठेवतात. वाळून बुरशी धरली की मातीच्या रांजणात मिठाच्या पाण्यात सोडतात. महिना-दोन महिन्यांनी पाणी निराळे काढले की तो गान्जांग. खाली उरतो तो गोळा म्हणजे 'द्वेन्जांग'. जितका जुना, तितका मोलाचा. २०२४ च्या डिसेंबरात युनेस्कोने ही विद्या मानवजातीच्या वारशाच्या यादीत घातली.

आता आपल्याकडे वळू. सोयाबीन आपल्या मुलखात नवखे नाही. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी आहारात त्याचे प्रयोग केले आणि 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिले. गरिबाच्या ताटात सकस अन्न कसे येईल, हा त्यांचा प्रश्न होता. पण पुढे सोयाबीन आले ते ताटाच्या वाटेने आले नाही. १९६० नंतर जबलपूर आणि पंतनगर येथे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने त्याच्या चाचण्या झाल्या. माळव्यात ते फोफावले. १९९४ साली प्रसारित झालेल्या जे. एस. ३३५ या वाणाने पुढे विदर्भ-मराठवाडाही व्यापला. परभणीच्या कृषी विद्यापीठानेही आपले वाण दिले. खरिपातली ज्वारी, मूग, उडीद मागे हटले. दाण्यात सुमारे वीस टक्के तेल आणि चाळीस टक्के प्रथिने. तेल कढईत गेले, पेंडीचा मोठा वाटा कोंबड्यांच्या खाद्यात गेला. म्हणजे पुतणीच्या वाडग्यातल्या अंड्यात आणि त्याभोवतीच्या पाण्यात, दोन्हीकडे सोयाबीनच आहे. फक्त ते आपल्या हातून तिथे पोचलेले नाही.

मी मराठी शिकवणारा मास्तर. क्रियापदांवरून घर ओळखायची मला सवय. ज्वारी आपण भाजतो, कांडतो, दळतो, थापतो, आंबवतो. तिचा हुरडा होतो, भाकरी होते, कण्या, लाह्या, धपाटे होतात. उरलेला कडबा बैलाचा. हरभऱ्याचा हुळा होतो. आणि सोयाबीन? ते आपण पेरतो, काढतो, विकतो. तीन क्रियापदे, आणि तिन्ही चुलीच्या बाहेरची!

याची किंमत भावाच्या दिवशी कळते. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर होता आणि बाजारातला भाव त्याच्या पुष्कळ खाली राहिला. ज्वारीचा भाव पडला तर शेतकरी निदान कणगी भरून ठेवी आणि वर्षभर भाकरी खाई. सोयाबीनचे पोते घरात ठेवून तो काय करणार? खायची रीत ठाऊक नसलेले धान्य हे धान्य नव्हे, ती नुसती हुंडी. आणि हुंडीचे मोल दुसरा ठरवतो.

कोणी म्हणेल, म्हणून काय आम्ही कोरियन व्हावे? मुळीच नाही. मिरचीही परदेशातूनच आली होती. आपण तिचा ठेचा केला आणि ती आपली झाली. वाळवण आपल्याला नवे नाही. सांडगे घालणारे, कैरी मिठात मुरवणारे, वर्षाचे लोणचे बुरशीपासून राखणारे हात अजून गावोगाव आहेत. कोणती बुरशी राखायची आणि कोणती टाकायची, एवढेच त्यांना नव्याने शिकावे लागेल, आणि ते जाणत्याकडूनच शिकावे. परभणीच्या विद्यापीठाने वाण दिले, तशी ही रीतही द्यावी.

तूर्त आमच्या घरात बाटली दुकानातली आहे. पुतणीने परवा ते अंडे भाताऐवजी ज्वारीच्या भाकरीवर फोडले. बलक भाकरीत मुरला, आणि भाकरीने काही तक्रार केली नाही.